आडनाव आणि भावकी : गोदाखोऱ्यातल्या सुळेवाल्या प्राण्यांची वंशावळ



तीर्थपुरीत बोलायला उभे राहायचे आणि विषय काढायचा पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या हाडांचा, हे जरा विचित्र वाटेल. घनसावंगी तालुक्यात, समर्थांच्या जांबेच्या पंचक्रोशीत, इतिहास म्हटला की आपण फार तर यादव-सातवाहनांपर्यंत मागे जातो. आज आपल्याला त्याच्या फार फार मागे जायचे आहे. पण विषय परका नाही. प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे : नाते ठरवायचे कशावरून? चेहऱ्यावरून, खाण्यापिण्यावरून, नावावरून, की आणखी कशावरून?

आधी आपल्या पायाखालची जमीन पाहू. जालना जिल्ह्यात विहीर खणली की काळा पाषाण लागतो. तो थिजलेला लाव्हा आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आज आम्ही ज्या प्राण्यांबद्दल बोलणार आहोत, ते हा लाव्हा वाहायच्या कितीतरी आधी, जवळपास २० कोटी वर्षांपूर्वीच संपले होते. म्हणून त्यांची हाडे इथे वर सापडणार नाहीत. मात्र आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा जिने आखली आहे ती गोदावरी धरून खाली चला. परभणी, नांदेड ओलांडून ती तेलंगणात शिरते आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते. तिथे लाव्ह्याचे पांघरूण संपलेले असते. वाळूचे दगड आणि तांबडी माती उघडी पडलेली असते. भूशास्त्रात त्याला प्राणहिता-गोदावरी खोरे म्हणतात. आपल्या या कथेतली महत्त्वाची हाडे त्या खोऱ्यातली आहेत.

हे प्राणी म्हणजे डायसिनोडॉन्ट. नावाचा अर्थ सरळ आहे : दोन सुळ्यांचे. आखूड पाय, पिंपासारखे धड, तोंडाला कासवासारखी चोच आणि वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. काहींना सुळेही नसत. सगळे पाला, कंद, खोड खाणारे. कुणी उंदराएवढे, कुणी डुकराएवढे. पोलंडमध्ये सापडलेला लिसोविशिया तर हत्तीच्या मापाचा होता. चित्र पाहिले की लोक पटकन म्हणतात, डायनासोर! ते डायनासोर नव्हेत. डायनासोरांची भावकी मगर आणि पक्ष्यांची. डायसिनोडॉन्टची भावकी तुमची-आमची, म्हणजे सस्तन प्राण्यांची. हे कळायला माणसाला बराच वेळ लागला, आणि तो वेळ का लागला हीच आजची गोष्ट.

गोष्ट सुरू होते दक्षिण आफ्रिकेत. अँड्र्यू गेडिस बेन नावाचा एक स्कॉटिश माणूस तिथे रस्ते बांधण्याच्या कामावर होता. खडक फोडताना त्याला दोन सुळ्यांच्या कवट्या मिळाल्या. त्याने त्या लंडनला पाठवल्या आणि १८४५ साली रिचर्ड ओवेन या मोठ्या शरीररचनातज्ज्ञाने त्यांना डायसिनोडॉन हे नाव दिले. त्याने पाडलेली जातींची नावे ऐका. एक सरड्याच्या डोक्याचा, एक कासवाच्या डोक्याचा, एक घुबडाच्या डोक्याचा. पुढे १८५५ साली आणखी एक, वाघाच्या डोक्याचा. नवे जन्मलेले पोर पाहून बायका म्हणतात ना, नाक आत्याचे, डोळे मामाचे, त्यातलाच हा प्रकार. ओवेन कच्चा माणूस नव्हता. त्याच्या काळात तुलना करायची ती आधी रूपाचीच.

याच ओवेनकडे त्याच सुमारास आपल्याकडचीही एक कवटी गेली होती. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. धर्मप्रसाराबरोबर त्यांना दगड आणि जीवाश्म गोळा करण्याचा नाद होता. नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगली गावच्या दगडातून मिळालेल्या एका पसरट कवटीचे ओवेनने १८५५ साली ब्रॅकिऑप्स असे नामकरण केले. तो उभयचर होता, बेडकांच्या दूरच्या गोतातला, आपल्या डायसिनोडॉन्टपैकी नव्हे. पण त्यावरून एक गोष्ट दिसली : विदर्भातल्या या जुन्या दगडांत हाडे आहेत.

खरा डायसिनोडॉन्ट भारतात मिळाला तो बंगालात, राणीगंजच्या कोळसापट्ट्यात. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या लोकांनी पंचेत नावाच्या खडकांतून हाडांचे तुकडे गोळा केले आणि ते लंडनला थॉमस हेन्री हक्सलेकडे गेले. हक्सले म्हणजे डार्विनचा खंदा पाठीराखा. १८६५ साली त्याने त्यातल्या एका प्राण्याला डायसिनोडॉन ओरिएंटॅलिस म्हटले, म्हणजे पूर्वेकडचा डायसिनोडॉन. आफ्रिकेतला आणि बंगालातला प्राणी एकाच घरचा, हे त्याने बरोबर ओळखले.

आणि इथेच इतिहासातली एक गंमत आहे. उत्क्रांती मानणारा, प्रत्येक जीवाचे दुसऱ्या जीवाशी रक्ताचे नाते असते असे ठणकावून सांगणारा हक्सले. त्याच्या हातात सस्तनांच्या भावकीतले हाड होते. पण १८८० च्या सुमारासही त्याचे मत असे होते की सस्तन प्राणी थेट उभयचरांसारख्या पूर्वजांपासून आले, या सरपटणाऱ्यांशी त्यांचा संबंध नाही. उलट ओवेन, ज्याचे डार्विनशी कधी पटले नाही, त्याने १८७६ साली आफ्रिकेतल्या काही प्राण्यांच्या दातांत सस्तनांची ठेवण ओळखली आणि त्यांना पशुदंती अशा अर्थाचे नाव दिले. ज्याला साम्य दिसले त्याला डार्विनची वंशकथा मान्य नव्हती, आणि ज्याला ती मान्य होती त्याला हे साम्य दिसले नाही. म्हणून आम्ही म्हणतो की योग्य बाजूला असणे आणि बरोबर असणे, या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत.

गाठ सुटू लागली ती अमेरिकेत कोप आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत रॉबर्ट ब्रूम यांच्या कामामुळे. पुरावा दोन ठिकाणी होता. पहिला, डोळ्याच्या खोबणीमागचे भोक. सरडे, मगरी, डायनासोर यांच्या घराण्यात मुळात तिथे दोन भोके असतात, एकावर एक. डायसिनोडॉन्टच्या कवटीत एकच. या एका भोकावरून ऑसबर्नने १९०३ साली सायनॅप्सिड असा गट केला. तुमच्या कानशिलावर हात ठेवा आणि दात आवळा. हाताखाली जो स्नायू फुगतो, तो त्याच जुन्या भोकाच्या जागेचा वारस आहे.

दुसरा पुरावा जबड्याचा. सरड्याच्या खालच्या जबड्यात बरीच हाडे असतात, आपल्या जबड्यात एकच. मग बाकीची गेली कुठे? रायखर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८३७ सालीच गर्भाचा अभ्यास करून दाखवले होते की इतरांच्या जबड्याच्या सांध्याची हाडे आपल्यात कानात जाऊन बसतात. आता तुम्ही आमचे बोलणे ऐकताय ते ज्या इवल्याशा हाडांनी, त्यांतली दोन एकेकाळी चावायच्या कामाला होती. जीवाश्मांत हा प्रवास पायरीपायरीने दिसतो.

पण कोण कोणाच्या किती जवळचे, हे ठरवायला नियम हवा होता. तो नीट मांडला विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने, १९५० साली. तो आपल्या भाषेत सांगतो. गावात दहा घरांचे आडनाव एक असते. म्हणून ती दहा घरे एका भावकीची होतात का? नाही. कुणाचे आडनाव गावावरून पडलेले, कुणाचे वतनावरून, कुणाचे धंद्यावरून. भावकी ठरते ती सुतकावरून, कुलदैवतावरून, जमिनीच्या जुन्या वाटणीवरून. म्हणजे अशा गोष्टींवरून, ज्या एकाच मूळ घरात घडल्या आणि वाटणीने खाली आल्या. हेनिगचे म्हणणे हेच. नुसते साम्य मोजू नका. नवा घडलेला आणि वारशाने वाटला गेलेला बदल मोजा. चार पाय सगळ्यांनाच आहेत, त्यावरून सख्खेपणा ठरत नाही.

आता परत आपल्या गोदावरीकडे.

स्वातंत्र्यानंतर कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भूशास्त्राचा विभाग सुरू झाला. आकडेवारीच्या संस्थेत हाडांचे काय काम, असे कुणालाही वाटेल. महालनोबिसांना तसे वाटले नाही. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय तरुणांची एक पिढी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. आजवर हाडे इथली आणि नाव देणारे लंडनचे, असे चालले होते. आता हाडे इथली, खणणारे इथले आणि अभ्यास करणारेही इथले.

त्यांना काय मिळाले ते काळाच्या क्रमाने पाहू. सर्वांत जुना थर कुंदारमचा, पर्मियन काळाच्या अखेरचा. तिथली प्राणिसृष्टी टी. एस. कुट्टी यांनी १९७२ साली जगापुढे ठेवली. त्यात एंडोथायोडॉन होता. याचे दात ओठाच्या कडेला नसून आत, टाळूकडे सरकलेले. त्यातल्या एका भारतीय जातीला संघमित्रा राय यांनी २००० साली एंडोथायोडॉन महालनोबिसी असे नाव दिले. आमच्या मते आकडेशास्त्रज्ञाचे याहून चांगले स्मारक सापडणे कठीण.

त्याच्या वरचा थर येर्रापल्लीचा, मधल्या ट्रायासिक काळातला. दोन थरांच्या मध्ये, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा संहार होऊन गेला. डायसिनोडॉन्टची बहुतेक घराणी त्यात बुडाली, मोजकी तगली. तगलेल्यांच्या वंशातला येर्रापल्लीचा वाडियासॉरस. टी. रॉय चौधरी यांनी १९७० साली त्याचे वर्णन केले आणि भूशास्त्रज्ञ दाराशा नौशेरवान वाडिया यांचे नाव दिले. याची हाडे एका जागी अनेक प्राण्यांची मिळाली, म्हणजे हे कळपाने राहत असावेत.

आणखी वरचा थर मालेरीचा, ट्रायासिकच्या उत्तरार्धातला. तिथे शंकर चटर्जी यांनी १९८२ साली एक प्राणी नोंदवला : एक्झेरिटोडॉन स्टॅटिस्टिके. जातीच्या नावात पुन्हा सांख्यिकी संस्था आली. आणि हाच प्राणी आजच्या आपल्या प्रश्नाचा कस पाहणारा आहे.

का ते सांगतो. वाडियासॉरस पाला खाणारा आणि एक्झेरिटोडॉनही पाला खाणारा. दोघेही सस्तनांच्या जुन्या गोतावळ्यातले, खोरेही एकच. साधा माणूस म्हणेल, हे दोघे सख्खे आणि मांस खाणारे ते परके. पण कवटी उघडून पाहिली की हिशेब उलटा होतो. वाडियासॉरसला चोच. त्याचा जबडा पुढून मागे सरकत पाला कातरायचा, आपण अडकित्त्यात सुपारी धरून खेचत कातरावी तसा. एक्झेरिटोडॉनला चोच नाही. त्याला पुढचे कातरे दात, सुळे आणि मागे रुंद दाढा. वरची दाढ खालच्या दाढेत बसून भरडणारी, जात्यासारखी. शिवाय दात असलेले जबड्याचे हाड वाढलेले आणि मागची हाडे बारीक होत चाललेली. ही वाट कानाकडे जाणारी, म्हणजे आपल्याकडे येणारी.

तर एक्झेरिटोडॉन हा सायनोडॉन्ट. सायनोडॉन्ट ही ती शाखा, जिच्या एका फांदीवर गाय, वटवाघूळ आणि माणूस बसले आहेत. या शाखेतल्या मांस खाणाऱ्या प्राण्यांशी एक्झेरिटोडॉनचे नाते जवळचे आहे. वाडियासॉरसशी नाते आहे, पण ते फार वरच्या पिढीतले. पाला खाणे दोन्ही घरांनी स्वतंत्रपणे शिकून घेतले. आहारावरून भावकी ठरत नाही. आणि आमच्या मते हे वाक्य फक्त जीवाश्मांपुरते खरे नाही.

यातून आणखी एक गैरसमज निघतो, तोही दूर करू. पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते की डायसिनोडॉन्ट हे आपले पूर्वज. ते आपले पूर्वज नव्हेत, ते चुलते. आपल्या आजोबांचा भाऊ आपला आजोबा होत नाही, पण परकाही नसतो. त्यांचा वंश ट्रायासिकच्या अखेरीस बुडाला.

आता फेरफाराबद्दल. सातबारा पाहिलेल्या माणसाला फेरफार सांगावा लागत नाही. जमीन तीच असते, नोंद बदलते आणि प्रत्येक बदलाला कारण लिहावे लागते. जीवाश्मांच्या नावांचे तसेच आहे. ओवेनच्या डायसिनोडॉनचे काय झाले पाहा. दोन सुळे दिसले की घाला डायसिनोडॉनमध्ये, असे करता करता त्या एका नावाखाली शंभराहून जास्त जाती जमल्या. २०११ साली कॅमरर, अँगिल्चिक आणि फ्रोबिश यांनी सगळी दप्तरे तपासली. डायसिनोडॉन या नावाच्या खऱ्या हक्कदार जाती दोनच उरल्या. बाकीच्या काही एकाच प्राण्याच्या दुबार नोंदी, काही दुसऱ्याच घरच्या. हक्सलेचा पूर्वेकडचा डायसिनोडॉनही आता त्या नावाखाली नाही. राणीगंजचा तो प्राणी लिस्ट्रोसॉरस.

आपल्या खोऱ्यातलेही फेरफार आहेत. येर्रापल्लीतल्याच रेच्निसॉरस या प्राण्याच्या नावाखाली आफ्रिकेतली एक कवटी नोंदली गेली. मग काहींनी दोघांनाही कॅनेमेयेरिया या आफ्रिकी नावात विलीन केले. शेवटी १९८९ साली शाश्वती बंद्योपाध्याय यांनी मूळ भारतीय कवटी पुन्हा तपासली आणि तिचे वेगळेपण दाखवून दिले. कुंदारममध्ये एक छोटा प्राणी होता, पुढच्या पायांनी माती उकरून बिळात राहणाऱ्या गटातला. त्याला आधी सिस्टेसेफॅलस या आफ्रिकी नावाने ओळखत. २०१६ साली कॅमरर, बंद्योपाध्याय आणि राय यांनी तो निराळा असल्याचे दाखवून त्याला सॉरोस्कॅप्टर हे नवे नाव दिले आणि जातीच्या नावात कुट्टींची आठवण ठेवली.

कुणी विचारेल, दर वीस वर्षांनी नाव बदलते ते कसले शास्त्र? आम्ही म्हणतो, ज्या दप्तरात एकही फेरफार नाही ते दप्तर कुणी उघडलेलेच नसते. इथे प्रत्येक बदलामागे कवटीतले एखादे हाड, एखादी शिवण, एखादे भोक पुराव्याला आहे. शंका असेल त्याने कवटी पुन्हा पाहावी.

आणि पुरावा फसवू शकतो, हेही या लोकांना ठाऊक आहे. पूर्वी वाटे की ज्यांना दाढा आहेत ते जुने, ज्यांच्या गेल्या ते सगळे एका घरचे. पुढे कळले की डायसिनोडॉन्टमध्ये दाढा एकदा नव्हे, वेगवेगळ्या शाखांत अनेकदा गेल्या. आता आठवा आपला शेवटी बुडालेला सुळा. डायसिनोडॉन्टचा सुळा आणि हत्तीचा सुळा दिसायला सारखे. पण डायसिनोडॉन्टचा खरोखर सुळाच आहे आणि हत्तीचा हा वाढलेला पुढचा दात आहे. भाषेने दोघांना एक नाव दिले, शरीराने दिले नाही.

नाते एकदा पक्के झाले की ते किती उपयोगी पडते, याचे एक उदाहरण. लिस्ट्रोसॉरस बंगालात आणि दक्षिण आफ्रिकेत मिळाला होताच. १९६९ च्या अखेरीस एडविन कोल्बर्ट यांच्या तुकडीला तो अंटार्क्टिकात मिळाला. डुकराएवढा, आखूड पायांचा, जमिनीवरचा प्राणी. तो महासागर पोहून गेला असे कोण म्हणेल? भूखंड एकेकाळी जोडलेले होते, याचा हा ठसठशीत पुरावा ठरला. त्या जोडलेल्या भूमीला गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून जगभर गेले आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असते?

शेवटचे. आम्ही सुरुवातीला म्हटले की ही हाडे जालन्यात सापडणार नाहीत. पण गोदावरीचा गाळ रिकामा नाही. वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वरजवळ गाळात प्राचीन हत्तीची कवटी मिळाल्याची नोंद पिलग्रिम यांनी १९०५ सालीच केली आहे. ते हाड डायसिनोडॉन्टच्या मानाने कालपरवाचे, पण मोलाचे. उद्या नदीकाठी वाळू काढताना, विहीर खणताना, दगड झालेले हाड हाताला लागले तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर ते राक्षसाचे हाड म्हणून देवळात किंवा कपाटात जाईल, नाहीतर फुटून वाळूच्या ढिगात जाईल. दोन्हीत आपण एक पुरावा गमावतो. कारण हाडाची किंमत त्याच्या थरात आहे. कोणत्या थरातून, किती खोलीवरून आले हे गेले, की ते गट क्रमांक नसलेल्या सातबाऱ्यासारखे होते. हातात कागद असतो, पण जमीन कुठली ते सांगता येत नाही.

म्हणून विनंती एवढीच. असे काही दिसले तर ते उपटू नका. जागेवर फोटो काढा, शेजारी पट्टी नाहीतर पेन ठेवा म्हणजे माप कळेल, जागा लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. आफ्रिकेतली ही कथा एका रस्ते बांधणाऱ्या माणसाने सुरू केली होती. तो प्राध्यापक नव्हता. त्याने दगडातले हाड पाहिले आणि ते फेकून दिले नाही, एवढेच.

 आता प्रश्न विचारा.